कबरीपर्यंतचं वाचन

माझी लेक सारा तापानं पडली होती. मी रोज सकाळी तिच्या उशाशी बसून शास्त्र वाचत होतो, पण वाचत होतो ते प्रभूच्या मरणापर्यंतच. कबरीच्या तोंडावर धोंडा लोटला, त्याला शिक्का मारला, शिपाई पहाऱ्याला बसले, एवढं झालं की मी पुस्तक मिटून घ्यायचो. पुढचं पान काही उलटत नव्हतो. का उलटत नव्हतो, हे सांगायची मला आजही लाज वाटते. पण मंडळीतली माणसं म्हणतात, बाबा, तुमच्यावर झालेली कृपा लिहून ठेवा. आणि कृपा लिहायची तर आधी आपली अक्कल किती होती तेही लिहावं लागतं. म्हणून बसलो लिहायला.

मी विहिरी बांधणारा मिस्त्री. उंद्रीपासून दोन कोसांवर आमची वस्ती, ख्रिस्ती घरं पाच. लोकल बोर्डाच्या कितीतरी विहिरींना माझ्या हातचे दगड आहेत आणि त्यातली एकही अजून ढासळली नाही, हे मी कोणालाही तोंडावर सांगतो. शाळा म्हणाल तर मिशनच्या रात्रीच्या वर्गात तीन महिने बसलो, तेही डोक्यावरचे केस पांढरे व्हायला लागल्यावर. तेवढ्यात अक्षरं जोडायला शिकलो. बोट ठेवून वाचतो, अडलो तर घशात आवाज काढून पुढं रेटतो. पण वस्तीत दुसरं कोणी वाचणारं नव्हतं. सारा मिशनच्या मुलींच्या शाळेत चार बुकं शिकलेली, माझ्यापेक्षा दसपट बरी वाचायची, पण बाप बसलेला असताना लेकीनं वाचावं हे मला रुचत नव्हतं. म्हणून रोज सकाळी कामावर जाण्याआधी पाचही घरं माझ्या अंगणात जमायची, मी वाचायचो, प्रार्थना करायचो, मग जो तो आपल्या कामाला. उपवासाच्या चाळीस दिवसांत आमच्याकडे दुःखसहनाचे अध्याय वाचायची रीत. एक वेळ जेवायचं, आनंदाचं गीत गायचं नाही, आणि प्रभूच्या उठण्याचं वाचन ईस्टरच्या पहाटेलाच करायचं, त्याआधी नाही. मग पुढचे चाळीस दिवस रोज उठलेल्या प्रभूचं वाचन. ही रीत आम्हाला जुन्या पाळकांनी लावून दिली होती, आणि ती मोडू द्यायची नाही असा माझा बाणा होता.

भांडण झालं ते थंडीच्या दिवसांत. चिखलीकडच्या मिशनच्या बंगल्यावरून एक तरुण प्रचारक पंधरा दिवसांनी पायी यायचा. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. त्यानं एकदा वाचन झाल्यावर खिशातून कागद काढला आणि म्हणाला, "बाबा, यंदा ईस्टर लवकर आहे. तारीख लिहून आणली आहे, जवळ ठेवा."

मी म्हटलं, "लवकर कसा येईन? ईस्टर येते चैताच्या पुनवेनंतरच्या रविवारी. हनुमान जयंती झाली की पुढचा रविवार. इतकी वर्षं पाहून राह्यलो मी. अन् गेल्या साली धोंड्याचा महिना आला होता. धोंडा आला की सारे सण पुढं जाते का मागं येते?"

"बाबा, धोंड्याचं गणित या सणाला लागत नाही," मास्तर म्हणाला आणि हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं. पण त्याच्याबरोबर पाच घरं हसली. समोरच्या घरातली सोनाआजी तर पदर तोंडाला लावून हसली. माझं डोकं फिरलं. मी तो कागद त्याच्या खिशात परत कोंबला आणि म्हटलं, "तुझा कागद तुझ्यापाशी ठेव. मले आभायातला चांद वाचता येते. आता मी बलावल्याशिवाय इकडं येऊ नको."

तो गेला, आणि मी काही त्याला बोलावलं नाही. पाच घरांतल्या कोणीही वर तोंड केलं नाही, कारण त्यातले तिघे माझ्या हाताखाली दगड वाहणारे. मी माझ्या हिशेबानं होळीच्या थोडं आधी उपवास धरले. सगळ्यांनी माझ्याबरोबर धरले. मनात कुठंतरी एक खडा टोचत होता, की मास्तर खरं बोलला असेल तर? पण चपलेतला खडा काढायला वाकावं लागतं, आणि मी वाकणारा माणूस नव्हतो.

धुळवड होऊन पाच-सहा दिवस झाले असतील. रविवार होता. सारा पाण्याहून आली ती घागर खाली न ठेवताच उंबऱ्यावर बसली. "बा, डोकं लय दुखून राह्यलं," म्हणाली. हात लावून पाहिला तर अंग चुलीच्या दगडासारखं. दोन दिवसांत ताप उतरेल असं वाटलं. नाही उतरला. आठव्या दिवशी उंद्रीच्या वैद्याला आणलं. त्यानं नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोटावर बोटं वाजवली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की हा मुदतीचा ताप आहे. याला औषध चालत नाही. एकविसाव्या दिवशी एक तर ताप जातो, नाही तर माणसाला घेऊन जातो. अन्न देऊ नका, पातळ पेज द्या, उठू देऊ नका.

मला चार लेकरं झाली. तीन गेली आणि त्यांची आई प्लेगाच्या साली गेली. चौघांच्याही कबरी मी स्वतःच्या हातानं बांधल्या, कारण दुसऱ्या गवंड्याचं काम मला पसंत पडत नाही. साराच तेवढी उरली होती. वैद्याचं बोलणं ऐकून मी घरामागं गेलो, तिथं कडुनिंबाखाली घडवलेले दगड रचून ठेवले होते, विहिरीचे. त्यातल्या एका लांबट दगडाकडं माझी नजर गेली आणि मनात आलं, हा पुरेल. असा विचार आल्याबरोबर मी एवढा भ्यालो की तो दगड लोटत लोटत नाल्यात नेऊन टाकला. एकट्यानं. कंबर आठ दिवस धरली होती.

मिशनच्या बंगल्यावर डॉक्टरीण मडम होती. सोनाआजी रोज म्हणायची, "पोरीले घेऊन जा तिकडं. गाडी जुप." मी म्हणायचो, वैद्यानं सांगितलंय, बारा मैल गाडीचे धक्के बसले तर पोर वाटेतच जाईल. ही गोष्ट खरी होती. पण देवासमोर लिहितो आहे तर पूर्ण लिहितो. तिकडं गेलं की मास्तरचं तोंड पाहावं लागेल, हीही गोष्ट खरी होती. निरोपसुद्धा मी धाडला नाही. माझ्या लेकीच्या जिवाच्या आणि मिशनच्या मध्ये जो धोंडा होता तो मीच होतो.

रोजचं वाचन चालूच होतं. आता ते अंगणात नाही, सारेच्या खाटेजवळ. बाकीची माणसं दारात बसायची. मी बागेतली प्रार्थना वाचायचो, जिथं प्रभूच्या कपाळावरचा घाम रक्तासारखा गळाला. वाचताना माझ्याच कपाळावर घाम यायचा. शिष्य पेत्रानं प्रभूची ओळख नाकारली ते वाचायचो. खिळे वाचायचो. मग कबर. मी दगडातला माणूस आहे. खडकात कोरलेली कबर म्हणजे काय आणि तिच्या तोंडाला बसवलेला गोल धोंडा म्हणजे काय, हे मला दुसऱ्यानं समजावून सांगायला नको. उताराच्या चाकोरीत तो धोंडा एकदा सोडला की आपल्या वजनानं खाली जाऊन बसतो, आणि मग चार माणसांनी पहारी लावल्या तरी जागचा हलत नाही. रोज सकाळी मी तो धोंडा बसवायचो आणि पुस्तक मिटायचो. दिवसभर तो माझ्या छातीवर असायचा. कामावर जात नव्हतो. अमडापूरकडची अर्धी बांधलेली विहीर तशीच सोडली होती. खाटेजवळ बसून तिच्या श्वासाकडं पाहायचो. श्वास जरा लांबला की माझा थांबायचा.

पंधराव्या दिवसापासून सारा मागं लागली. ओठ फुटलेले, जीभ काळी पडलेली, तरी म्हणायची, "बा, पुढचं वाच. एकच पान."

"दिवस आला नाही, माय."

"कितीक दिवस राह्यले?"

"चवदा."

ती डोळे मिटून पडायची. दुसऱ्या दिवशी परत. "बा, आता कितीक?" तेरा. मग बारा. मला तिचं विचारणं सहन होत नव्हतं. मी एकदा ओरडलो तिच्यावर, आजारी लेकीवर. म्हटलं, "तुले ठाऊक नाही का पुढं काय होते? शाळेत शिकली नं?"

"ठाऊक हाये," ती म्हणाली. "पन तुह्या तोंडून ऐकाचं हाये."

लोकांना वाटायचं, म्हातारा रीतीला चिकटून आहे. मीही तसंच म्हणायचो. आज पहिल्यांदा लिहितो, की ते अर्धंच खरं होतं. आमच्यात माणूस जायला लागलं की त्याच्या कानाशी पुनरुत्थानाचं वाचन करतात. तिच्या आईच्या कानाशी मी स्वतः केलं होतं, अडखळत, आणि ते संपायच्या आत ती गेली. माझ्या मनानं धरलं होतं की ते पान उलटलं म्हणजे मी सारेला निरोप दिला. ईस्टरच्या पहाटे सगळ्यांसाठी वाचलं तर ते सणाचं वाचन, आणि आज तिच्या एकटीसाठी वाचलं तर ते मरणाचं. म्हणून मी त्या कबरीच्या तोंडाशी दिवस मोजत बसलो होतो. ज्या वचनात जीव आहे त्याच वचनाला मी भीत होतो. बाहेरून हट्ट दिसत होता, आत नुसती भीती होती. आमच्यासारख्या माणसांची भीती बहुतेक वेळा हट्टाचंच पागोटं घालून फिरते.

एकविसावा दिवस शनिवारी आला. माझ्या हिशेबानं ईस्टरला आठ दिवस होते. सकाळपासूनच सारा भ्रमात होती. आईला हाक मारत होती, पाण्याला जायचं म्हणत होती, बोटांनी गोधडीचे धागे उपटत होती. हे धागे उपटणं मी आधी तीनदा पाहिलं आहे. मी वाचायला बसलो, पण अक्षरं दिसेनात. मी गुडघे टेकले आणि प्रार्थना केली ती अशी, की देवा, आठ दिवस थांब. फक्त आठ दिवस. म्हणजे पाहा, तेव्हासुद्धा मी देवाला माझ्याच मोजणीत बसवत होतो. पोर वाचव असंही माझ्या तोंडून निघालं नाही. तेवढी हिंमत नव्हती.

दुपार डोक्यावर आली तेव्हा गल्लीत आवाज आला, "कल्हईऽऽ! भांड्याले कल्हईऽऽ!" हा करीमभाई. भाता आणि पोतडी पाठीवर घेऊन चिखलीपासून अमडापूरपर्यंत खेडोपाडी फिरायचा, वर्षातून दोनदा आमच्याकडं यायचा. सारेला नुकती झापड लागली होती. मी तरातरा बाहेर गेलो.

"ओरडू नको बे! घरात मानूस आजारी हाये."

त्यानं पोतडी खाली ठेवली. "कोन, मिस्त्री?"

"लेक."

"या अल्ला! सारा?" त्यानं टोपी काढून घाम पुसला. "तरीच मी म्हनलं, तुमच्या ईस्टरले मिस्त्री अन् त्याची पोरगी बंगल्यावर काऊन दिसले नाही. दर साली तुमच्या वस्तीतलं कोनी तरी येते."

"ईस्टर अजून याचा हाये. आठ दिवस हायेत."

करीमभाई आधी माझ्याकडं पाहत राहिला आणि मग हसायला लागला. "याचा हाये? अरे बाप्पा, बंगल्यावरच्या चार डेगा म्या या हातानं चकाचक केल्या सणासाठी. मटन झालं, गोड झालं, मले पत्रावळभर देल्लं मडमनं. धुळवडीच्या पोट्ट्यायनं माह्या दाढीत रंग घातला होता, तो बी तवा निघाला नव्हता. मडम म्हने, करीम, तुम तो लाल हो गया!"

समोरच्या ओट्यावर सोनाआजी कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घ्या! कल्हईवाल्याले ठाऊक अन् आपल्याले नाही! मास्तर सांगत होता तवा काय झालतं रे मिस्तरी? तुले आभाय वाचता येते नं?"

"तू चूप बस, आजी," मी म्हटलं. आणि करीमला म्हटलं, "तुह्या डोक्यात ऊन चढलं. दुसरा कोनता सण असन. लगन असन कोनाचं."

"लगन?" आता तो हसत नव्हता. "मिस्त्री, मी काऊन खोटं बोलू? धुळवडीनंतरचा रविवार. मी बंगल्याच्या मागं झोपलो होतो, भट्टीपाशी. दिवस निघाच्या आंधी घंटा झाली. सारे उठले, बायका, पोरं, म्हातारे. हातात कंदील, फुलं. अन् गेले कुठं, तर कब्रस्तानात! म्या म्हनलं, कोन मेलं बाप्पा? पाहाले गेलो मांगं मांगं. तर हे सारे कबरीपाशी उभे राहून गाऊन राह्यले. रडनं नाही, काही नाही. गाऊन राह्यले! एक बाई होती, तिचं लेकरू गेल्या साली गेलं, मले ठाऊक हाये. ते बी गात होती. म्या खानसाम्याले इचारलं, हे काय चाललं? तो म्हने, आज आमचा प्रभू कबरीत नाही. उठला. कबर खाली हाये."

त्यानं हे एवढ्या साधेपणानं सांगितलं, जशी तो बाजारातली बातमी सांगतो. त्याच्या धर्मात ही गोष्ट नाही हे मला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक होतं. पण त्यानं पाहिलं ते सांगितलं, आणि सांगताना त्याचा हात नकळत छातीवर गेला होता.

मी ओट्यावर बसलो. धुळवडीनंतरचा रविवार. मास्तरचा कागद. यंदा लवकर आहे बाबा. मी बोटावर पुनवा मोजायला लागलो आणि तिसऱ्या बोटावर थांबलो. आता मोजून काय करायचं होतं? धोंड्याच्या महिन्यानं आमच्या गावचे सण पुढं सरकले, हा सण सरकला नव्हता. मी पाच घरांना तीन आठवडे कबरीपाशी बसवून ठेवलं होतं, आणि तो तिथं नव्हताच.

पहिली आली ती भीतीच. आधीच्यापेक्षा मोठी. वाटलं, एवढे दिवस चुकीच्या ठिकाणी प्रार्थना केली, आता माझ्या या गुन्ह्यापायी पोर जाईल. ज्या पहाटे माणसं फुलं घेऊन गात होती, त्या पहाटे मी माझ्या लेकीला दुःखाचा अध्याय ऐकवला आणि त्याच दिवशी ती पडली. आणि तसाच बसलेला असताना दुसरा एक विचार आला. कुठून आला ते मला सांगता येत नाही, माझ्या डोक्यात असे विचार येत नाहीत. तो असा, की सारा पडली त्या दिवशी तो आधीच उठलेला होता. मी धोंडा बसवत होतो त्या एकवीसही सकाळी तो बाहेरच होता. माझी मोजणी चुकली म्हणून तो आत थांबला नव्हता. माझी परवानगी त्यानं विचारली नव्हती. मी त्या खाटेजवळ एकटा बसलोय असं समजत होतो, आणि तसं काही नव्हतं.

मी आत गेलो. मातीच्या भिंतीचं घर, बाहेरचं सगळं आत ऐकू जातं. सारेचे डोळे उघडे होते. सकाळपासून पहिल्यांदा ते माझ्यावर येऊन टेकले.

"बा," ती म्हणाली, "म्हनजे मी पडली, तवा तो उठला होता?"

"हो माय."

"अन् आपन बसून राह्यलो."

"मी बसवून ठेवलं. चूक माही हाये. मास्तरनं सांगितलं होतं, म्या ऐकलं नाही." पन्नास-पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात चूक माझी आहे हे शब्द मी कोणापुढं बोललो नव्हतो. बायकोपुढंही नाही. दारात सोनाआजी उभी होती, तिच्यामागं माझे दगड वाहणारे तिघे होते. सगळ्यांनी ऐकलं. सोनाआजीनं त्यावर काही टोमणा मारला नाही, पदरानं डोळे पुसले.

"वाच मंग," सारा म्हणाली.

मी पुस्तक घेतलं आणि ते पान उलटलं. प्रभूची शिष्या मग्दालीया मरीया अंधार असतानाच कबरीकडं गेली आणि धोंडा काढलेला दिसला. धोंडा! कोणी पहार लावली नाही, कोणी दोर ओढला नाही. माझं बोट त्या ओळीवर अडलं. मग ती बाहेर उभी राहून रडते, आणि प्रभू समोर असून तिला तो माळी वाटतो. इथं एक जोडाक्षर आलं, आणि मी नेहमीसारखा घशात आवाज काढून पुढं रेटणार होतो. थांबलो. पुस्तक सारेच्या तोंडासमोर धरलं आणि विचारलं, "हे काय हाये, माय?" तिनं फुटक्या ओठांनी तो शब्द वाचून दिला. पुढं अडलो की पुन्हा विचारलं. तापात तडफडणारी पोर मला वाचायला शिकवत होती. अशा रीतीनं बापलेकीनं मिळून ते पान पुरं केलं. करीमभाई बाहेर ओट्याच्या कोपऱ्याला टोपी घालून बसून होता. वाचन होईपर्यंत त्यानं भट्टी पेटवली नाही.

जाताना तो एवढंच म्हणाला, "मी आज चिखलीलेच परत जातो. मास्तरले सांगू का?"

त्याला अमडापूरच्या बाजारी जायचं होतं, हे मला माहीत होतं. उन्हात बारा मैल उलटं. मी होकाराची मान हलवली.

आता यापुढं काय झालं ते जसं झालं तसं सांगतो. ताप त्या दिवशी उतरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उलट वाढला. रविवारी मी तिच्यासाठी पेज ढवळत होतो, तेव्हा मनात आलं की हे पान उलटल्यानं माझी जुनी भीती खरी ठरणार. तरी मी सकाळी पुढचं वाचलं. भीती वाटत असतानाच वाचलं. आधी मला वाटायचं की विश्वास आला की भीती जाते. तसं नसतं. भीती खाटेच्या एका बाजूला बसून होती आणि मी दुसऱ्या बाजूला बसून वाचत होतो, एवढंच. पण प्रार्थनेत मी दिवस मागितले नाहीत. म्हटलं, देवा, ही तुझी आहे, माझ्या हातात होती तेव्हाही तुझीच होती. ठेवायची तर ठेव. न्यायची तर तुझ्याकडंच नेशील, दुसरीकडं नाही. हे म्हणताना माझ्या आतलं काहीतरी तुटलं. विहिरीत उतरताना कधी कधी दोर हातातून सोडावा लागतो, पाय खालच्या दगडाला टेकेल या भरवशावर, तसं वाटलं.

सोमवारी, तेविसाव्या दिवशी, मास्तर आला. अंगाला धूळ, हातात डॉक्टरीण मडमनं दिलेल्या पुड्या आणि तिनं सांगितलेलं पथ्य. मी अंगणात उभा होतो. माफी कशी मागायची हे मला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी त्याच्या पायावर लोटाभर पाणी ओतलं आणि तसाच वाकून राहिलो. तो घाबरला. "बाबा, बाबा, हे काय! उठा," म्हणाला. "मीच यायला हवं होतं. तुम्ही येऊ नको म्हणालात आणि मीही फुगून बसलो. सणाला तुमची वाट पाहिली." मग म्हणाला, "बाबा, ईस्टरचे चाळीस दिवस अजून सरले नाहीत. सतरा उरलेत."

मी म्हटलं, "मास्तर, आता तूच सांग कोन्या दिवशी काय वाचाचं. मी मोजनार नाही."

मंगळवारी सकाळी सारेला घाम फुटला. गोधडी भिजली, उशी भिजली, केस भिजले. मी आधी भ्यालो, मग हात लावून पाहिला. कपाळ थंड होतं. मातीच्या घागरीसारखं थंड. वैद्य आला आणि म्हणाला, मुदत होती, संपली, तीन दिवस जास्त घेतले. मास्तर म्हणाला, पुड्यांनी आणि पथ्यानं काम केलं. मी कोणाशीही वाद घातला नाही. माझ्या ओळखीच्या माणसांना विचाराल तर ते हेच मोठं नवल समजतात.

ताप उलटतो असं सगळे सांगत होते, म्हणून पुढचे सोळा-सतरा दिवसही माझे भीतच गेले. रोज पहाटे उठल्याबरोबर तिच्या कपाळाला हात. मग वाचन. बंद दारांआड भिऊन बसलेल्या शिष्यांमध्ये प्रभू येऊन उभा राहिला ते वाचलं, आणि मला कळलं की त्यांची दारंही तो उठल्यानंतरच बंद होती. त्यांनाही माझ्यासारखंच उशिरा कळलेलं. थोमाचं वाचलं, ज्याला जखमेत हात घालून पाहिल्याशिवाय पटत नव्हतं, आणि सोनाआजी माझ्याकडं पाहून खाकरली. वाटेवरच्या दोघा शिष्यांचं वाचलं, जे तोंड पाडून चालले होते आणि तो त्यांच्याच बाजूनं चालत होता. मास्तर असेल तेव्हा मास्तर वाचायचा, नसेल तेव्हा मी. जिथं अडायचो तिथं थांबायचो आणि विचारायचो.

सारा उठली, पण जशीच्या तशी नाही. केस सगळे गळले आणि डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं. मुदतीचा ताप काहीतरी ठेवून घेतल्याशिवाय जात नाही असं म्हणतात. पुढं तिचं लग्न झालं, लेकरं झाली, आज तिच्याही घरी सून आली आहे. मी पंच्याहत्तरी ओलांडली. विहिरीत उतरणं बंद झालं. आता माझं स्वतःचं जाणं जवळ आलं आहे आणि खरं सांगतो, त्याचीही भीती वाटते. पण मी त्या भीतीला आता लाजत नाही, आणि तिला हट्टाचं पागोटंही घालत नाही. भ्यालो की देवाला म्हणतो, भ्यालो आहे. त्याला काही नवीन सांगत नाही, हे ठाऊक असून म्हणतो. ज्या दयाळू प्रभूनं त्याचं उठणं एका अडाणी, ताठ मानेच्या म्हाताऱ्याच्या दारात कल्हईवाल्याच्या तोंडून पोचवलं, तो माझ्या शेवटच्या दिवशीही कोणाला तरी पाठवील. कोणाला, हे मी ठरवायचं नाही.

त्या साली चाळिसावा दिवस आला, प्रभू वर गेला त्याचं वाचन होतं. सारेला पहिल्यांदा अंगणात उन्हाला बसवलं होतं, डोक्याला फडकं गुंडाळून. हातात आंबिलीची वाटी. पाचही घरं जमली होती. मी पुस्तक उघडून हळू आवाजात सुरू केलं, तिला त्रास होऊ नये म्हणून.

ती वाटी खाली ठेवून म्हणाली, "बा, जोरात वाच. मले ऐकू येऊन नाही राह्यलं."

मी उठून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो आणि परत पहिल्यापासून वाचलं.